मुलीने काढलेला एरियाचा नकाशा बघून प्रश्न पडलाय: चौथीतलं पोर चालत शाळेत पाठवता का?

धायरीची_आई
नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यात धायरीत राहतो, लेक चौथीत, शाळा चालत पंधरा-वीस मिनिटांवर. आत्तापर्यंत व्हॅन होती पण व्हॅनवाल्या काकांनी आमच्या बाजूचा रूट सोडला, आणि तेव्हापासून बाईसाहेबांचं टुमणं चालू आहे की मी मैत्रिणींबरोबर चालत जाणार. नवरा म्हणतो विषयच नाही. सासूबाई त्याच्याही पुढे, त्यांच्या व्हॉट्सॲपवर दिवसाआड एक पोरं पळवणारी टोळी येतेच.

आता खरा मुद्दा. शाळेत परिसराचा नकाशा काढायला सांगितला होता. हिने घर ते शाळा काढला आणि आपल्या मनानेच रंगवला, भीती वाटते तिथे लाल, छान वाटतं तिथे हिरवा. मला वाटलं मेन रोड लालभडक असणार. तर मेन रोड पिवळा! का गं विचारलं तर म्हणे "भीती नाही वाटत, पण टेम्पो लावलेला असतो ना, त्याच्या मागून मला गाड्या दिसत नाहीत आणि गाडीवाल्यांना मी." हिरवं काय, तर कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले काका, डेअरी, भाजीच्या हातगाड्या, म्हणजे आम्ही ज्याला गर्दी-गोंधळ म्हणून नाक मुरडतो ते सगळं. आणि लाल? आमच्याच सोसायटीचं बेसमेंट पार्किंग, कारण तिथला सेन्सरचा दिवा आपण पुढे गेल्यावर लागतो. बंद पडलेल्या साइटचे पत्रे लावलेत ती गल्ली. विजेच्या डीपीपाशी सकाळी कुत्री बसतात ती जागा. आणि लिफ्ट.

लिफ्ट का, तर "कधी कधी." पुढे तोंडातून शब्द नाही.

गेटला सिक्युरिटी, कॅमेरे, आत-बाहेर जायला ॲप, एवढं सगळं बघून फ्लॅट घेतलाय हो आम्ही, आणि पोरीचा लाल रंग सगळा गेटच्या आत किंवा गेटला लागून. मुलांनी सांगितलेली भीती किती मनावर घ्यायची? आणि चालत पाठवायचं तर कुठल्या वयापासून, कसं? तुम्ही काय करता ते सांगा प्लीज.

जुना_कोथरूडकर
अहो आम्ही दुसरीपासून एकटे जायचो, पावसात, दप्तर डोक्यावर घेऊन, आणि वाटेत चिंचा पाडायचो. काही झालं नाही. हल्ली पालकच घाबरट झालेत आणि मुलांनाही तसंच करतायत. नकाशे कसले काढताय, पाठवून द्या, आपोआप शिकेल.

फूटपाथ_कुठाय
काका, तुम्ही दुसरीत होता तेव्हा कर्वे रोडवर सायकली होत्या. तोच रस्ता आज दुसरीतल्या पोराला क्रॉस करायला सांगा आणि मग बोलू.

ताई, मी रस्त्यांच्या डिझाइनच्या कामात आहे म्हणून जरा जास्त लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या. तुमच्या लेकीने टेम्पोबद्दल जे सांगितलंय ते आम्हाला प्रेझेंटेशन करून सांगावं लागतं लोकांना. पुण्यात अर्बन९५ म्हणून एक उपक्रम झाला, त्यातला ९५ हा आकडा सेंटीमीटर आहेत, तीन वर्षाच्या पोराची साधारण उंची. कल्पना एवढीच की तेवढ्या उंचीवरून शहर बघा. बघा एकदा खाली बसून, लावलेल्या गाड्या म्हणजे सरळ भिंत असते. चौथीतलं मूल थोडं उंच असतं पण टेम्पोपुढे ते पण गायबच. शिवाय गाडी किती लांब आहे आणि किती वेगात येतीये याचा अंदाज लहान मुलांना मोठ्यांसारखा येत नाही, तो दहा-बारा वर्षांपर्यंत हळूहळू येतो, त्यात "लक्ष देत नाही" म्हणून ओरडण्यात अर्थ नाही.

फूटपाथचं म्हणाल तर इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था, तिच्या नियमात चालायला मोकळी जागा निदान १.८ मीटर आणि उंची १५० मिलिमीटरच्या वर नको असं लिहिलंय. म्हणजे वीतभर पण नाही. आता तुमच्या रस्त्यावर मोजा. फूटपाथ गुडघ्याएवढा असला की मूल चढतच नाही, खालून चालतं, आणि मग आपण म्हणतो पोरं रस्त्यावरून चालतात.

प्रॅक्टिकल सांगायचं तर टेम्पोजवळून क्रॉस करायचंच नाही, पन्नास पावलं पुढे जाऊन मोकळ्या जागेतून करायचं. आणि नाइलाजाने गाड्यांच्या मधून करावंच लागलं तर लावलेल्या गाडीच्या कडेपर्यंत यायचं, तिथे पूर्ण थांबायचं, मान बाहेर काढून दोन्हीकडे बघायचं, चालत जायचं, पळायचं नाही. हे तोंडी सांगून येत नाही, रोज बरोबर जाऊन करून घ्यावं लागतं. आणि सकाळच्या वेळी कॉलेजची पोरं ट्रिपल सीट येतात त्यांच्यावर डोळा ठेवा. अठराच्या आतलं पोर गाडी चालवताना सापडलं तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे सोसायटीच्या ग्रुपवर टाका, त्याने जेवढा फरक पडतो तेवढा बोर्ड लावून पडत नाही.

समुपदेशक_मावशी
सगळे रस्त्याबद्दल बोलतायत, मला त्या लिफ्टबद्दल बोलायचंय. ताई, घाबरवत नाहीये. "कधी कधी" म्हणजे लिफ्ट मधेच अडकते हे पण असू शकतं, अंधार होत असेल, कुणाचा मोठा कुत्रा आत असेल. पण कुणीतरी माणूस पण असू शकतो. म्हणून विचारा, पण उलटतपासणी नको. स्वयंपाक करता करता, गाडीवर मागे बसलेली असताना, समोरासमोर न बसता. "लिफ्टमध्ये कधी कधी काय होतं गं?" आणि मग गप्प बसायचं. आपण नावं सुचवायची नाहीत. "कुणी हात लावला का" असं सरळ विचारलं तर पोरं एकतर नाही म्हणतात नाहीतर आपल्याला काय ऐकायचंय तसं बोलतात.

माझ्याकडे येणारी बरीच मुलं जे सांगतात ते असं असतं, की अमुक काका गालगुच्चा घेतात, उगाच अंगचटीला येतात, लिफ्टमध्ये मुद्दाम जवळ उभे राहतात. आणि घरचे त्याच काकांना "नमस्कार कर बाळा" म्हणतात. पोराला कळतच नाही की आपल्याला किळस आली ते बरोबर का आपण वाईट. अनोळखी माणसाकडून चॉकलेट घ्यायचं नाही हे सगळ्या घरात शिकवतात, पण एनसीआरबीच्या, म्हणजे सरकारी गुन्हे नोंदींच्या आकड्यांमध्ये वर्षानुवर्षं पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालच्या, बलात्काराच्या केसेसमधले नव्वद टक्क्यांहून जास्त आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात. शेजारी, नातेवाईक, घरी येणारे-जाणारे.

जर काही बाहेर आलंच तर तिचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा, परत परत वदवून घेऊ नका, आणि पहिलं वाक्य "मला सांगितलंस ते छान केलंस" हे. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करता येतो, फुकट आहे, चोवीस तास. कायद्यानुसार असा गुन्हा कळला की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, अगदी शेजाऱ्यालाही. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि युनिफॉर्ममध्ये नाही. हे बऱ्याच पालकांना माहितीच नसतं म्हणून ते चौकीच्या भीतीने गप्प बसतात.

काहीच नसलं तरी एक करा, तिला जिन्याने यायचं असेल तर येऊ द्या, आणि कुणालाही पापी द्यायची, हात मिळवायची सक्ती नको. पाहुणे रुसले तर रुसू देत.

धायरीची_आई
मावशी, तुमचं वाचून आधी धस्स झालं. आज भाजी निवडताना विचारलं. म्हणाली चौथ्या मजल्यावरचे एक आजोबा लिफ्टमध्ये तिची वेणी ओढतात आणि "किती मोठी झाली" म्हणून गाल ओढतात, मला नाही आवडत. एवढंच. बाकी काही नाही म्हणाली, मी पण खोदून विचारलं नाही. छान केलंस सांगितलंस म्हणलं. आता त्या आजोबांना कसं सांगायचं हा एक प्रश्नच आहे, नवऱ्याच्या मित्राचे वडील आहेत.

समुपदेशक_मावशी
सरळ आणि हसतमुखाने, पण तिच्यासमोर. "आजोबा, तिला गाल ओढलेले आवडत नाहीत, तेवढं नका करू." मनात काही नसेल तर ते थांबतील. नाही थांबले तर तुम्हाला कळलं. तिच्यासमोर बोलणं महत्त्वाचं, आपलं म्हणणं आईने पुढे नेलं हे तिला दिसलं पाहिजे. नवऱ्याच्या मित्राचं नंतर बघू.

आंबेगावचे_गुरुजी
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, तुमच्या पुण्याच्याच जिल्ह्यात पण दुनिया वेगळी. आमच्याकडे वस्त्या लांब लांब, पोरं दोन-तीन किलोमीटर चालत येतात, दोन्ही बाजूला डोक्याच्या वर ऊस. बिबट्या उसातच राहतो, उसातच पिल्लं घालतो, आणि तोडणी चालू झाली की बिथरून बाहेर पडतो. जुन्नर, आंबेगाव, शिरूर सगळीकडे हेच. गेल्या काही वर्षात लहान मुलं गेली आहेत, त्यामुळे इथल्या आईबापांची भीती ही व्हॉट्सॲपची भीती नाही, खरी आहे. पोरांना आम्ही घोळक्याने यायला लावतो, बारक्यांना मधे घ्यायचं, बोलत, गाणी म्हणत यायचं, वाटेत वाकून काही वेचत बसायचं नाही, कारण वाकलेलं मूल जनावराला लहान दिसतं. दिवस मावळायच्या आत घरी.

पण तुमच्या लेकीसारखाच अनुभव मला पण आला म्हणून लिहितोय. पाचवी ते सातवीच्या पोरींना विचारलं की वाटेत भीती कशाची, मला वाटलं बिबट्या म्हणतील. दोघी-तिघी म्हणाल्या. बाकीच्यांनी फाट्यावरची टपरी सांगितली. तिथे मोटारसायकली लावून पोरं बसतात, बोलत काही नाहीत, नुसतं नाव घेतात आणि हसतात. एक पोरगी म्हणाली "बिबट्याचं घरी सांगता येतं सर, हे सांगितलं तर शाळाच बंद होईल." त्यावर काय बोलावं कळेना. वस्तीला पोरीचं शिक्षण कशावरून थांबतं हे त्या वयात तिला पक्कं ठाऊक आहे.

शाळेत मुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती आहे, तक्रारपेटी पण आहे, पण पेटीत चिठ्ठी टाकताना अख्खा वर्ग बघत असतो. आम्ही ती पेटी मुलींच्या स्वच्छतागृहाच्या आत नेली, तेव्हापासून चिठ्ठ्या येतात. टपरीचं म्हणाल तर मुलींचं नाव कुठेही न घेता पोलीस पाटलांशी बोललो, पोलिसांची गाडी शाळा सुटायच्या वेळेला दोन-चारदा फाट्यावर थांबली, बास. पुढच्या वर्षी टपरीवाल्याने स्वतःच त्या पोरांना बसू देणं बंद केलं.

साक्रीवाला
सासूबाईंच्या व्हॉट्सॲपबद्दल. मी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्याचा. राईनपाड्याचं नाव ऐकलं असेल. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजार, असेच पोरं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते आणि मंगळवेढ्याकडून भिक्षा मागायला आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण लोकांनी ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकले. त्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला होता, निमित्त एवढंच. टोळी वगैरे काही नव्हती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड अशी मर्यादा आणली, त्याला हे असले प्रकार कारण होते.

मला यात अजून एक वाटतं. त्या बाजारात पोरं पण होती ना. त्यांनी काय बघितलं याचा हिशोब कुणी ठेवला नाही. पोरांच्या सेफ्टीसाठी म्हणून जे केलं ते पोरांच्या डोळ्यांदेखत. सासूबाईंना सांगा आज्जी, मेसेज पुढे पाठवायच्या आधी एकदा पोलीस चौकीला फोन करून विचारा.

निशीकसाई_एक्सप्रेस
टोकियोहून लिहितीये, एदोगावा भागात भारतीय बरेच आहेत, त्यात आपली मराठी पण खूप. माझा मुलगा इथल्या सरकारी शाळेत पहिलीपासून चालत जातो. पहिल्यांदा पाठवला तेव्हा मी झाडामागून बघत होते, तीन आया अजून होत्या झाडामागे 😀

इथे पोर शूर असतं असं काही नाही, बाकीच्यांनी तयारी केलेली असते. कुठल्या रस्त्याने यायचं ते शाळा ठरवून देते, तोच रस्ता, शॉर्टकट नाही. शाळा सुरू व्हायच्या आधी आईबापांनी मुलाबरोबर तो चालायचा असतो. पहिलीतल्या मुलांना पिवळी टोपी, दप्तराला पिवळं कव्हर, म्हणजे गाडीवाल्याला लांबून कळतं की हे नवीन आहे. दप्तराला एक बझर लटकवलेला, ओढला की कर्कश वाजतो. क्रॉसिंगला आजी-आजोबा झेंडा घेऊन उभे. आणि तुमच्या इस्त्रीवाल्या काकांसारखी दुकानं-घरं असतात, त्यांच्यावर स्टिकर असतो, "मुलांसाठी ११० नंबरचं घर" अशा अर्थाचा, ११० म्हणजे इथला पोलिसांचा नंबर. काही झालं तर मूल बिनधास्त आत घुसू शकतं. संध्याकाळी स्पीकरवर एक धून वाजते, ती वाजली की खेळ बंद, घरी.

तुमच्या मुलीने हिरवा रंग जिथे दिलाय ना तिथे तिने स्टिकर आधीच लावलेत. तुम्ही फक्त त्या लोकांना जाऊन सांगा की ही आमची, या वेळेला जाते-येते. कोपऱ्यावर टेबल टाकून दिवसभर उभा असलेला माणूस ना, तो सिक्युरिटी कंपनीच्या कॅमेऱ्यापेक्षा बरा, कॅमेरा नंतर दाखवतो काय झालं ते.

लालबागची_पोर
कोपऱ्यावरच्या माणसांचं पटलं, पण एक बारीक. आम्ही चाळीत वाढलो, चोवीस तास दारं उघडी, सगळ्यांचं सगळ्यांवर लक्ष, आणि तरी काही गोष्टी घडायच्याच आणि कुणी बोलायचं नाही, कारण सगळे आपलेच. तेव्हा काकांना सांगा जरूर, पण पोरीला पण सांगा की काकांच्या दुकानापुढे थांबायचं, दुकानाच्या आत किंवा मागे बोलावलं तर नाही. कुणावर संशय म्हणून नाही, सगळ्यांना सारखाच नियम. आता टॉवर झाला आमचा, बावीस मजले, माझ्या भाच्याला शेजारच्या फ्लॅटमधल्या मुलाचं नाव माहिती नाही. ते पण सेफ आहे असं मी म्हणणार नाही.

जुना_कोथरूडकर
आणि त्या कुत्र्यांचं काय? उचलून न्या म्हणावं सगळी.

भूभू_ताई
काका, सगळी उचलून न्यायची सोय कुठेच नाही आणि सुप्रीम कोर्टाने २२ ऑगस्ट २०२५ ला सांगितलंय की नसबंदी आणि लसीकरण करून जिथून आणली तिथेच सोडायची, पिसाळलेली किंवा अंगावर येणारी सोडून. नोव्हेंबरमध्ये शाळा, हॉस्पिटल, बसस्टँड अशा जागांसाठी वेगळा आदेश आला, तिथली हलवायची. पण डीपीपाशी सकाळीच का बसतात ते बघा की आधी, कुणीतरी तिथे खायला घालत असणार. मी स्वतः घालते म्हणून सांगते, भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीबद्दलच्या २०२३ च्या नियमात स्पष्ट आहे की खायला घालायची जागा मुलांच्या खेळण्याच्या, येण्या-जाण्याच्या वाटेपासून लांब हवी आणि वेळ पण मुलं-म्हातारी माणसं बाहेर नसतात तेव्हाची. त्या व्यक्तीशी गोडीत बोला, जागा बदलली की कुत्री पण हळूहळू तिकडे सरकतात.

पोरीला शिकवा, पळायचं नाही, डोळ्यात बघायचं नाही, हात अंगाशी धरून झाडासारखं उभं राहायचं. आणि चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी घरी सांगायचं, कुणी रागावणार नाही. पोरं ओरडा बसेल म्हणून लपवतात आणि रेबीजला नंतर औषध नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं, आणि लस त्याच दिवशी.

धायरीची_आई
सगळ्यांना थँक्यू, एवढं येईल वाटलं नव्हतं. अपडेट देते.

आजोबांशी बोलले, लेक शेजारी उभी होती. आजोबा जरा ओशाळले, "अगं मला नात नाही ना" म्हणाले. लेक काही बोलली नाही पण लिफ्टने आली काल. लक्ष ठेवून आहे.

डीपीपाशी खायला घालणाऱ्या बाई आमच्याच बी विंगमधल्या निघाल्या! त्या मागच्या मोकळ्या प्लॉटकडे जायला तयार झाल्या, आणि सकाळी नाही, रात्री साडेनऊनंतर. सोसायटीत पार्किंगच्या दिव्याचं काढलं तर सेक्रेटरींनी विजेचं बिल काढून दाखवलं. मग लेकीला म्हणलं तूच दाखव नकाशा. अजून दोन पोरांनी "आम्हाला पण तिथे भीती वाटते" म्हणून हात वर केले, त्यातला एक सेक्रेटरींचा मुलगा. सहा ते दहा दिवे चालू राहणार असं ठरलंय.

चालत जायचं म्हणाल तर चार पोरी जमल्यात, आणि त्यांच्यातल्या एकीचे रिटायर आजोबा म्हणाले मी रोज फिरायला जातोच, मी मागून येतो. पोरींची अट, आजोबांनी दहा पावलं मागे राहायचं आणि हाका मारायच्या नाहीत. पत्र्याच्या गल्लीतून जायचं नाही, इस्त्रीवाल्यांच्या कोपऱ्यावरून वळसा घालून. नवरा अजून नाराजच आहे, पहिला आठवडा तो स्कूटर घेऊन लांबून बघणार म्हणे. सासूबाईंनी शिट्टी आणून दिलीये.

एकच राहिलंय. तो टेम्पो आणि शाळेसमोर झेब्रा नाही, त्याचा अर्ज नक्की कुठे करायचा?

फूटपाथ_कुठाय
दोन अर्ज. पट्टे, स्पीड ब्रेकर, फूटपाथ हे महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात, नो पार्किंगचं वाहतूक पोलिसांच्या तुमच्या भागातल्या विभागाला. फोटो शाळा सुटायच्या वेळेचे काढा, दुपारचे रिकाम्या रस्त्याचे नकोत. शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांची सही घ्या, नुसत्या पालकांच्या अर्जापेक्षा वजन पडतं. पोचपावतीवर इनवर्ड नंबर घेतल्याशिवाय हलायचं नाही, आणि नकाशाची कलर झेरॉक्स जोडा, ओरिजिनल देऊ नका.